‘घरी मराठी बोलतो’ असं लिहिलं आणि मुलावर शिक्का बसला

कॅलिफोर्नियातल्या बे एरियामधल्या एका आईचं पत्र आहे. कुटुंब अडीच वर्षांपूर्वी पुण्याहून आलं. मुलगा इथल्या सरकारी शाळेत दुसरीत दाखल झाला, आता चौथीत आहे. दाखल्याच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म आला, त्यात आईवडिलांनी ‘मराठी’ लिहिलं. महिन्याभरात मुलाची इंग्रजीची चाचणी झाली आणि तो ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे इंग्रजी अजून शिकणारा, ठरला. गेल्या वर्षी अशा मुलांच्या इंग्रजीच्या वार्षिक परीक्षेत, ईएलपॅकमध्ये, त्याला एकूण पातळी ३ मिळाली. वाचन चांगलं, बोलणं आणि लिहिणं मधलं, असा शेरा आला. तिसरीच्या स्टेट टेस्टमध्ये इंग्रजीत २४१९ आणि गणितात २४७८ गुण आले. इंग्रजीपुढे लिहिलं होतं ‘निअर्ली मेट’, म्हणजे आईच्या शब्दांत ‘काठावर नापास’. वडील चिडलेले आहेत. त्यांचं म्हणणं, यंदा शाळेला पत्र देऊन मुलाला टेस्टमधून काढून घ्यायचं, ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाणाऱ्या मुलीच्या फॉर्मवर सरळ ‘इंग्रजी’ लिहायचं आणि घरात आजपासून इंग्रजीच बोलायचं. घरात आजी आहे, तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. शेजारच्या क्लासची जाहिरातही येऊन पडली आहे. आई विचारते: नक्की काय करू?

*

सगळ्यात आधी ते ‘काठावर नापास’ खोडून टाका. शंभरापैकी पस्तीस, स्कॉलरशिपची यादी, वर्गातला नंबर या हिशोबात आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्यामुळे समोर आकडा आला की डोळे आपोआप पास-नापासची रेघ शोधतात. या टेस्टमध्ये ती रेघच नाही. तिच्या गुणांवर कुणी वरच्या वर्गात जात नाही की मागे राहत नाही, आणि रिपोर्ट कार्डातही ते धरले जात नाहीत. फक्त अकरावीचा निकाल कॅल स्टेट विद्यापीठांमध्ये पहिल्या वर्षाचे विषय ठरवताना पाहिला जातो. चौथीतल्या मुलाला त्याचं आज काहीच नाही.

तिसरीच्या इंग्रजीचे टप्पे असे आहेत: २३६७ च्या खाली पातळी १, तिथून २४३१ पर्यंत पातळी २, २४३२ ते २४८९ पातळी ३ आणि २४९० पासून पातळी ४. तुमच्या मुलाला २४१९, म्हणजे पातळी ३ ला तेरा गुण कमी. हे तेरा ऐकायला मोठे वाटतात, कारण आपल्या डोक्यात शंभराची पट्टी असते. इथली पट्टी हजारांची आहे आणि एका मुलाच्या गुणात मोजमापाचीच चूक वीस-तीस गुणांची धरतात. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रश्नांना बसला असता, तर २४३५ आले असते किंवा २४०० सुद्धा. तेरा गुणांवरून घरात भांडण होऊ नये.

गणितात २४७८ म्हणजे पातळी ३ पक्की (ती २४३६ ला सुरू होते) आणि पातळी ४ फक्त २३ गुणांवर. ही गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत.

आणखी एक. पातळी ३ ही ‘सर्वसाधारण मुलाची’ पातळी नव्हे. २०२४ साली अख्ख्या कॅलिफोर्नियात इंग्रजीत पातळी ३ किंवा तिच्या वर असलेली मुलं साधारण ४७ टक्के होती, गणितात ३५ टक्क्यांच्या जरा वर. निम्म्याहून जास्त मुलं त्या रेघेच्या खालीच असतात. तुमच्या शाळेत चित्र वेगळं दिसत असेल, कारण आपले लोक घर घेताना आधी शाळेचा दहापैकी आकडा बघतात, नऊ असेल तरच पुढे बोलणी. अशा शाळेत ‘सगळ्यांच्या मुलांना चार मिळतं’ असं वाटणारच.

पुढच्या निकालात शेऱ्यापेक्षा आकडा बघा. ही पट्टी इयत्तागणिक पुढे सरकते. चौथीच्या इंग्रजीची पातळी ३ सुरू होते २४७३ ला, म्हणजे वर्षभरात रेघ ४१ गुणांनी वर जाते. समजा यंदा त्याला २४६५ आले. शेरा तोच राहील, पण मुलगा ४६ गुणांनी वर गेला असेल आणि तेराचं अंतर आठवर आलं असेल. शेऱ्यांची इंग्रजी नावं मधूनमधून बदलतातही, म्हणून पातळीचा क्रमांक आणि गुण हेच वहीत लिहून ठेवा.

आता खरा मुद्दा. तुमच्या पत्रात दोन परीक्षा एकमेकींत मिसळल्यात आणि तुम्ही दोघं चुकीच्या परीक्षेवर चिडलाय.

ज्याला सगळे ‘स्टेट टेस्ट’ म्हणतात ती स्मार्टर बॅलन्स्ड. तिसरी ते आठवी आणि अकरावी, इंग्रजी आणि गणित. पाचवीत आणि आठवीत शास्त्राची वेगळी टेस्ट असते, ती पुढच्या वर्षी तुमच्याकडे येईलच. ही सगळ्या मुलांसाठी आहे आणि मुख्यतः शाळेचं आणि डिस्ट्रिक्टचं (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) मोजमाप करते. ईएलपॅक त्याहून वेगळी. ती फक्त इंग्लिश लर्नर ठरलेल्या मुलांसाठी असते आणि शिक्का निघेपर्यंत दर वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात होते. मुलाच्या रोजच्या दिवसावर परिणाम करणारी परीक्षा हीच. मिडल स्कूलमध्ये तर जास्तच, कारण इंग्लिश लर्नर मुलांचा इंग्रजीचा खास तास बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक विषयाच्या जागी बसवतात. मग बँड किंवा चित्रकला गेली. सहावीला अजून दोन वर्षं आहेत, म्हणजे वेळ आहे, पण ढकलत नेण्याइतका नाही.

आणि गंमत म्हणजे, काढून घेण्याची सवलत स्टेट टेस्टला आहे, ईएलपॅकला नाही.

ती सवलत नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर तिच्याबद्दल काहीही फिरतं. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्याच्या कलम ६०६१५ नुसार पालकांनी लेखी कळवलं, तर शाळेला मुलाला स्टेट टेस्टमधून, पूर्ण किंवा काही भागातून, सूट द्यावीच लागते. कारण सांगावं लागत नाही. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, दर वर्षी नव्याने आणि टेस्ट सुरू होण्याआधी द्यायचं. उशिरा दिलंत, तर तोवर सोडवलेल्या भागाचे गुण धरले जातात. शाळा तुमच्याशी याबद्दल बोलू शकते, पण ‘सूट घ्या’ असं कर्मचाऱ्यांनी स्वतःहून सुचवायचं नसतं. मुलाला शिक्षा होत नाही, तो तेवढा वेळ वाचत बसतो. शाळेच्या हिशोबात मात्र तो ‘न बसलेला’ धरला जातो. केंद्राच्या कायद्यात ९५ टक्के उपस्थितीची अट आहे. त्याखाली गेलेल्या शाळेच्या सरासरीत जेवढी मुलं कमी पडतात, तेवढ्यांसाठी सर्वांत कमी गुण मिसळले जातात.

एखादं मूल टेस्टच्या नुसत्या नावाने आजारी पडत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर ही सूट जरूर घ्यावी, कुणाची भीड धरू नये. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तुमच्या पत्रात राग आहे, मुलापेक्षा वडिलांचा जास्त. आणि तुमच्या बाबतीत सूट घेणं उलटं पडू शकतं. ते कसं, त्यासाठी शिक्का कसा निघतो हे आधी बघू.

इंग्लिश लर्नरमधून बाहेर पडायला चार निकष लागतात. पहिला, ईएलपॅकमध्ये एकूण पातळी ४. दुसरा, शिक्षकांचं मत. तिसरा, पालकांचं मत आणि त्यांच्याशी सल्लामसलत. चौथा, त्याच वयाच्या इंग्रजी येणाऱ्या मुलांच्या तुलनेत मूळ कौशल्यांमधली कामगिरी. हा चौथा निकष कशाने मोजायचा, हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट ठरवतं. कुठे वर्गातली संगणकावरची वाचनचाचणी चालते, कुठे स्टेट टेस्टचा इंग्रजीचा निकाल चालतो, कुठे दोन्हींपैकी एक. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये स्टेट टेस्ट चालत असेल आणि तुम्ही मुलाला तिच्यातून काढून घेतलंत, तर शिक्का काढायचा एक पुरावा तुम्ही आपल्याच हाताने फेकला.

डिस्ट्रिक्टचा नियम शोधायला फार लांब जावं लागणार नाही. शाळा सुरू झाल्यावर तीस दिवसांच्या आत इंग्लिश लर्नर मुलांच्या पालकांना दर वर्षी एक पत्र येतं. त्यात ईएलपॅकची पातळी असते आणि बाहेर पडायचे निकष लिहिलेले असतात. ऑगस्टच्या गर्दीत ते पालक-पोर्टलवर किंवा ईमेलमध्ये न उघडता पडलेलं असेल. ते शोधा. नाहीच सापडलं, तर वर्गशिक्षिकांना आणि शाळेतल्या इंग्लिश लर्नर विभाग बघणाऱ्या व्यक्तीला एकच ईमेल पाठवा. त्यात एवढंच विचारा: चौथ्या निकषासाठी आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये कोणती चाचणी आणि किती गुण लागतात? मुलाची त्या चाचणीतली आजची स्थिती काय? आणि इंग्रजीच्या खास तासासाठी त्याला आठवड्यात कधी आणि कोणत्या विषयातून उठवतात? हा तिसरा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. तो तास गणिताच्या किंवा शास्त्राच्या शिकवण्यावर येत असेल, तर वेळ बदलायला सांगण्यात काहीच गैर नाही.

शिक्का टाळता आला असता का, असं तुमच्या नवऱ्याच्या मनात असणार. तुमच्यासाठी ते दार बंद झालंय, पण नव्याने आलेल्या इतर घरांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. फॉर्मवरची माहिती चुकली असेल, तर पहिली चाचणी होण्याआधी ती बदलता येते. पहिली चाचणी झाल्यावर, पण पहिली वार्षिक ईएलपॅक होण्याआधी, पालक किंवा शिक्षक वर्गवारी तपासून बघायला सांगू शकतात, आणि तेही एकदाच. तुमच्या मुलाने दोन वार्षिक परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे आता चार निकषांचाच रस्ता.

‘शाळेला पैसे मिळतात म्हणून पोराला अडकवलंय’ असं तुमच्या नवऱ्याने ऐकलंय. यात अर्धं खरं आहे. राज्याच्या निधिवाटपात इंग्लिश लर्नर, कमी उत्पन्नाच्या घरातली आणि फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेली) मुलं यांच्यासाठी डिस्ट्रिक्टला मूळ रकमेच्या वर २० टक्के मिळतात. पण शिक्का बसतो तो चाचणीच्या गुणांवर, शिक्षिकेच्या मर्जीवर नाही. पहिल्या चाचणीची पट्टी १५० ते ६०० ची. ४५० आणि पुढे आले, तर मूल ‘सुरुवातीपासून इंग्रजीत सफाईदार’ ठरतं आणि पुढे ईएलपॅक कधीच द्यावी लागत नाही. पुण्यात इंग्रजी माध्यमात असलेलं मूलसुद्धा इथे पहिल्या महिन्यात अनोळखी बाईंसमोर दोन शब्दांत उत्तरं देतं आणि मधल्या गटात पडतं. त्या दिवशी त्याने जेवढं दाखवलं तेवढंच मोजलं गेलं.

म्हणून आता सगळी ताकद फेब्रुवारीकडे लावा. तुमच्या मुलाचं वाचन चांगलं आहे, अडलंय बोलण्यात आणि लिहिण्यात. आपल्याकडच्या मुलांमध्ये हे सर्रास दिसतं आणि त्याची कारणं बरीचशी इंग्रजीबाहेरची असतात.

बोलण्याची परीक्षा एकट्याने, समोर एक मोठं माणूस बसवून होते. एका चित्रावर प्रश्न विचारतात. दोन पर्यायांतला एक निवडून कारण सांगायला सांगतात. चित्रांची गोष्ट ऐकवतात आणि तीच परत सांगायची असते. एखाद्या विषयाची छोटी माहिती ऐकवून तिचा सारांश विचारतात. इथे गुण जातात ते मोठ्यांसमोर मोजकं बोलण्याच्या सवयीने. चित्रात मुलं काय करताहेत? ‘खेळताहेत.’ उत्तर बरोबर, पण गुण अर्धवट. ‘दोन मुलं झाडाखाली चेंडू खेळताहेत आणि एक मुलगी बाकावर बसून त्यांच्याकडे बघतेय’ असं म्हणालं, तर पूर्ण. गोष्ट सांगताना आपली मुलं शेवट आधी सांगून मोकळी होतात, कारण त्यांच्या मते ऐकणाऱ्याला गोष्ट ठाऊकच आहे, त्यानेच तर सांगितली! मुलाला स्पष्ट सांगा: समोरच्या बाईंनी हे चित्र बघितलेलं नाही असं समजून सांग. या एका वाक्याने फरक पडतो.

रोज दहा मिनिटं पुरतात. जेवताना डब्यावरचं, पुस्तकातलं, फोनमधलं कुठलंही चित्र घ्या. पहिलं वाक्य कोण आणि कुठे, दुसरं काय चाललंय, तिसरं असं का वाटतं. मतावरचा प्रश्न रोज नवा घ्या: सहलीला प्राणिसंग्रहालय की संग्रहालय? शाळेच्या पैशांतून पुस्तकं की झोके? एक मत, दोन कारणं, आणि दुसरं कारण पहिल्याचीच पुनरुक्ती नसावी. सारांशाला शास्त्राच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचून दाखवा आणि पुस्तक मिटून त्याला सांगायला लावा. क्रम आणि पुस्तकातले नेमके शब्द दोन्ही आले पाहिजेत. ‘ते पाणी वर जातं’ म्हणाला, तर वर जाण्याला पुस्तकात कोणता शब्द होता ते विचारा.

लिहिण्यातलं दुखणं निराळं आहे. दुसरीपर्यंत ईएलपॅकचं लेखन कागदावर असतं, तिसरीपासून संगणकावर. तुमचा मुलगा तिसरीत पहिल्यांदा टाईप करून लिहायला बसला. एकेक अक्षर शोधणारं मूल दोन ओळी लिहून थकतं. त्याला सुचलेलं संपलेलं नसतं, बोटं संपतात. रोज पंधरा मिनिटं टायपिंग करू द्या, बोटं न बघता चालली पाहिजेत असा आग्रह नको, वेग थोडा वाढला तरी पुष्कळ. आठवड्यातून दोनदा त्याच्या कुठल्यातरी अनुभवावर टाईप करून पाच-सहा वाक्यं लिहू द्या आणि मग त्यालाच वाचायला सांगा. वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने आणि शेवटी पूर्णविराम, एवढंच त्याने स्वतः तपासावं. तुम्ही लाल पेन घेऊन बसू नका.

क्लासचे पैसे वाचवा. राज्याने ईएलपॅक आणि स्टेट टेस्ट दोन्हींच्या सराव चाचण्या मोफत ठेवल्या आहेत, पाहुणा म्हणून लॉगिन करून घरच्या संगणकावर उघडतात. पालकांसाठी ‘स्टार्टिंग स्मार्टर’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे नमुना प्रश्न आणि निकाल कसा वाचायचा हे दोन्ही मिळतं. इयत्तेची एक सराव चाचणी दोन-तीन दिवसांत थोडी थोडी करून पूर्ण सोडवली की बास. वीस चाचण्या रगडून घेणारा क्लास त्याला पडदा हाताळण्यात पटाईत करेल, त्याची वाक्यं काही लांब होणार नाहीत.

स्टेट टेस्टची तयारी याहून कमी, पण दोन गोष्टी त्याला आधी सांगून ठेवा. टेस्टचा मोठा भाग मुलाप्रमाणे बदलतो: बरोबर उत्तरं येत गेली की पुढचे प्रश्न अवघड होत जातात. त्यामुळे चांगलं करणारं मूलही ‘सगळं कठीण होतं’ म्हणत घरी येतं. त्या संध्याकाळी ‘मग काय काय चुकलं?’ ही चौकशी नको. दुसरं म्हणजे या भागात वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलं, तर मागच्या प्रश्नांवर परत जाता येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीला उठण्याआधी शंका असलेली उत्तरं बघून घ्यायची. वेळेची मर्यादा नाही. वर्गातली पोरं भराभर संपवून पुस्तक काढून बसतात, ते बघून आपणही उरकायची गरज नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. इंग्रजीच्या दुसऱ्या भागात दोन-तीन उतारे वाचून त्यांच्या आधाराने मोठं लिहायचं असतं. तिथेही तेच टायपिंग उपयोगी पडेल.

नुकत्याच आलेल्या घरांसाठी एक ओळ: अमेरिकेतल्या शाळेत बारा महिने पूर्ण न झालेल्या इंग्लिश लर्नर मुलाला स्टेट टेस्टच्या इंग्रजीतून एकदा सूट मिळते, गणित आणि शास्त्राला मात्र बसावंच लागतं. गणितात काही भाषांमध्ये कठीण शब्दांचे अर्थ पडद्यावर मिळतात. त्यात पंजाबी आहे, मराठी नाही.

आता घरातल्या मराठीचं. तुमच्या मुलाचे गुण मराठीमुळे गेलेले नाहीत. गेले ते तोकड्या उत्तरांमुळे आणि टायपिंगमुळे. उलट गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माणसं आणि कारणं न गाळता सांगणं हे ज्या भाषेत चांगलं जमतं, तिथे आधी शिकावं. तुमच्याकडे त्याची फुकटची शाळा घरात आहे. आजीला रोज रात्री शाळेत काय झालं ते मराठीतून सांगायचं, आणि आजीने मध्येच ‘मग तो काय म्हणाला? का रे?’ असं विचारायचं, तेही खरंच समजेपर्यंत. आजीला बेसबॉल कळत नाही, हे इथे वरदान आहे: तिला समजवायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. नंतर तेच दोन मिनिटं तुमच्याशी इंग्रजीत. उद्यापासून सगळे इंग्रजी बोलू लागलात, तर आजी आपल्याच घरात मुकी होईल आणि मुलाच्या वाट्याला आईवडिलांचं कामापुरतं, तुटक इंग्रजी येईल. पुढे हायस्कूलमध्ये कॅलिफोर्निया द्विभाषिक विद्यार्थ्यांच्या डिप्लोमावर राज्याची मोहर देतं. मराठीसाठी पात्रता कशी सिद्ध करायची, हे डिस्ट्रिक्टकडे तेव्हा विचारता येईल. आज चौथीत त्याची घाई नाही.

मुलीच्या फॉर्मवर खोटं लिहू नका. पण खरं लिहिणं म्हणजे अभिमानाने चारही ओळींत ‘मराठी’ लिहिणं असंही नाही. चार प्रश्न वेगवेगळे आहेत: मुलगी बोलायला लागली तेव्हा कोणती भाषा शिकली, ती घरी जास्तीत जास्त कोणती बोलते, आईवडील तिच्याशी जास्तीत जास्त कोणती बोलतात, आणि घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात. आपल्याकडे पहिल्याचं उत्तर लिहिलं की उरलेल्या तिन्हींत तेच लिहून मोकळे होतात. तुमची मुलगी इथेच प्रीस्कूलला गेली असेल आणि दिवसभर भावाशी इंग्रजीत भांडत असेल, तर दुसऱ्या प्रश्नाला ‘इंग्रजी’ हेच खरं उत्तर आहे. तरीही पहिल्या तिनांत कुठेही मराठी आली की चाचणी होणारच. होऊ दे. ती किंडरगार्टनच्या पहिल्या तीस दिवसांत होईल, म्हणून जुलैपासून तिला अनोळखी मोठ्यांशी बोलायची संधी द्या: ग्रंथालयात पुस्तक तिनेच मागावं, दुकानात आईस्क्रीमचा स्वाद तिनेच सांगावा, पूर्ण वाक्यात. चाचणीच्या आदल्या दिवशी सांगा की उद्या एक बाई तुझ्याशी गप्पा मारतील आणि चित्रं दाखवतील. ४५० ओलांडले की प्रश्न मिटला. नाही ओलांडले, तर तिला मदतीची गरज होती असं निघेल, आणि खोटा फॉर्म भरला असता तर ती मदत मिळाली नसती.

ज्यांची मुलं अजून ‘टीके’मध्ये, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या ट्रान्झिशनल किंडरगार्टनच्या वर्गात आहेत त्यांनी घाबरू नये. २०२४ च्या बदलानंतर ‘टीके’च्या मुलांना ईएलपॅक द्यावी लागत नाही, किंडरगार्टनपर्यंत वेळ मिळतो.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट, तिच्यावर बरीच प्रकरणं महिनोन्महिने अडतात. यंदा तुमच्या मुलाला पातळी ४ मिळाली, तर शाळा आपोआप शिक्का काढत नाही. शिक्षक त्यांचा कागद भरतात आणि पालकांच्या मतासाठी एक फॉर्म घरी पाठवतात किंवा फोन करतात. फोन अनोळखी नंबरवरून येतो म्हणून आपण उचलत नाही, फॉर्म दप्तरात केळ्याखाली दबतो. मे संपेपर्यंत आणि परत ऑगस्टमध्ये दप्तराचा तळ रोज बघा. फॉर्म सापडला की त्याच दिवशी सही करून परत पाठवा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा ईमेल करा.